मृत्यूचे भाकीत आणि त्याचा पडताळा

अतिदक्षता विभागातील किती रुग्ण दगावतील हे आकड्यांनी आधीच सांगण्याचा प्रयत्न वैद्यकाच्या अर्वाचीन इतिहासात लक्षणीय होय. हे विभाग फार जुने नाहीत. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ उसळली असता ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेस छिद्र पाडून हाताने हवा भरण्याची पद्धत योजिली. त्या अनुभवातून असे विभाग उदयास आले. पुढे ते सर्वत्र पसरले आणि एक प्रश्न अटळ झाला. एखाद्या रुग्णालयात मृत्यू अधिक होतात ते तेथील उपचार उणे म्हणून, की तेथे येणारे रुग्णच अधिक अत्यवस्थ म्हणून?

याचा निर्णय करावयाचा तर आजाराच्या तीव्रतेचे माप हवे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील विल्यम क्नाउस व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली ‘अपाचे’ हे माप सिद्ध केले. त्यात ३४ शारीरिक घटक होते. १९८५ च्या सुधारित मापात ते १२ वर आले. रक्तदाब, नाडी, तापमान इत्यादींची पहिल्या २४ तासांतील सर्वांत बिघडलेली नोंद घ्यावयाची, तिला ठरलेले गुण द्यावयाचे आणि त्यांत वय व जुने विकार यांचे गुण मिळवावयाचे, अशी ही रीत. बेरीज ० ते ७१ पर्यंत जाते. मृत्यूच्या संभवाचे समीकरण या बेरजेवर आधारलेले असते.

हे माप किती निर्णायक ठरू शकते हे १९८६ साली दिसून आले. अमेरिकेतील १३ रुग्णालयांच्या ५,०३० रुग्णांची तुलना क्नाउस यांनी प्रसिद्ध केली. एका रुग्णालयात ६९ मृत्यू अपेक्षित असता ४१ च घडले. दुसऱ्या एकात अपेक्षेहून ५८ टक्के अधिक घडले. डॉक्टर व परिचारिका यांच्यातील सहकार्यात या अंतराचे कारण संशोधकांना दिसले. परंतु असा निवाडा ‘अपेक्षित’ हा आकडा विश्वसनीय असेल तरच ग्राह्य होय.

म्हणून पडताळा आवश्यक ठरतो, आणि तो दुहेरी असतो. जगणाऱ्यांपेक्षा मरणाऱ्यांना माप अधिक गुण देते काय, ही पहिली कसोटी. शंभरांपैकी तीस मरतील असे म्हटलेल्या गटात खरोखर तीसच्या आसपास मरतात काय, ही दुसरी. पहिलीस उतरलेले माप दुसरीस उतरेलच असे नाही.

याचे प्रत्यंतर १९९३ साली आले. कॅथी रोवन व सहकारी यांनी ब्रिटन व आयर्लंडमधील २६ विभागांतील ८,७९६ रुग्णांवर अमेरिकन समीकरण लावून पाहिले. ते तेथील नोंदींशी जुळले नाही. एखाद्या विभागात कोणत्या प्रकारचे रुग्ण येतात यावर त्या विभागाचा लाभ किंवा हानी अवलंबून राहिली असती. म्हणजे मापातील दोषाचे खापर निष्कारण डॉक्टरांवर फुटले असते. २००५ च्या ‘सॅप्स ३’ या मापात, ज्यासाठी ३५ देशांतील ३०३ विभागांच्या नोंदी जमविल्या होत्या, जगाच्या निरनिराळ्या भागांसाठी निराळी समीकरणे देण्यात आली. कालभेदही दुर्लक्षून चालत नाही; उपचार सुधारले की जुने समीकरण वाजवीहून अधिक मृत्यू वर्तवू लागते.

भाकीत खरे ठरले तरी ते कोणाविषयी आहे हा प्रश्न उरतोच. तीस टक्के हा आकडा गटाचा असतो. समोरच्या खाटेवरील रुग्ण त्या तिसांतील की सत्तरांतील हे त्यातून कळत नाही. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सपोर्ट’ या अभ्यासात गंभीर रुग्णांच्या जगण्याचे अंदाज डॉक्टरांपुढे ठेवण्यात आले, रुग्ण व नातेवाईक यांच्याशी बोलण्यास परिचारिकाही नेमल्या. तरीही उपचारांच्या रीतीत सुधारणा आढळली नाही. विभागांच्या कामाची तुलना करण्यास ही मापे उपयोगी पडतात, पण तीही त्या त्या देशी व काळी पुन्हा पारखून घेतल्यावरच. एका रुग्णाचे उपचार थांबवावे की नाही, हा निर्णय केवळ त्यांच्यावर सोपविता येत नाही.