जेटचं लायसन्स हातात आलं, तरी एकट्याने का उडता येत नाही? मेंटॉर पायलट नेमकं काय करतो?

आपल्याकडे खासगी जेट म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यासमोर येतं. मागे ऐसपैस खुर्चीत मालक आणि पुढे कॉकपिटमध्ये गणवेशातले दोन पायलट. अमेरिकेत मात्र आणखी एक प्रकार चांगलाच रुळलेला आहे. तिथे जेटचा मालक स्वतःच डाव्या सीटवर बसतो आणि विमान उडवतो. पेशाने तो डॉक्टर असतो, वकील असतो, नाहीतर स्वतःची कंपनी चालवणारा असतो. उजव्या सीटवर बायको बसलेली असते, किंवा नुसती बॅग ठेवलेली असते. दुसरा पायलट नसतोच, आणि कायद्याला ते चालतं.

पण जेट नवीन घेतलेलं असतं, तेव्हा ती उजवी सीट सहसा रिकामी नसते. तिथे एक अनुभवी माणूस बसतो. त्याला मेंटॉर पायलट म्हणतात. त्याचं काम वरवर पाहता सोपं वाटतं, पण खरं तर ते विचित्र आहे. त्याला मदतही करायची असते आणि आपली मदत घेण्याची सवय समोरच्याला लागणार नाही, हेही बघायचं असतं.

एका पायलटचं जेट येतं कुठून?

एअरलाइनच्या मोठ्या जेटला दोन पायलट लागतातच. छोट्या जेटचं गणित १९७०च्या दशकात बदललं. सेसना कंपनीच्या सायटेशन जेटची एक आवृत्ती १९७७ मध्ये एकाच पायलटसाठी मंजूर झाली. खरी लाट आली ती २००६ नंतर. त्या वर्षी इक्लिप्स ५०० आणि सायटेशन मस्टँग ही दोन छोटी जेट मंजूर झाली, २००८ मध्ये एम्ब्रेअरचं फेनम १०० आलं, २०१५ मध्ये होंडाजेट आणि २०१६ मध्ये एका इंजिनाचं सिरस व्हिजन जेट. चार-सहा माणसं बसतील एवढी ही विमानं. मस्टँग ताशी सुमारे ६३० किलोमीटर वेगाने जातं आणि ४१ हजार फुटांपर्यंत चढतं. म्हणजे एअरलाइनची विमानं जिथे उडतात, त्याच उंचीवर.

जेट कितीही लहान असो, अमेरिकेत ते उडवायला त्या मॉडेलचं वेगळं 'टाइप रेटिंग' लागतं. त्यासाठी साधारण दोन आठवड्यांचा कोर्स असतो. दिवसा वर्ग आणि सिम्युलेटर, रात्री पुस्तकं. शेवटी परीक्षक कडक परीक्षा घेतो. एकट्याने उडवण्याची परवानगी हवी असेल तर परीक्षाही एकट्यानेच द्यावी लागते. एक इंजिन बंद पडलेलं, बाहेर ढग, रेडिओवर कंट्रोलर बोलतोय आणि शेजारी मदतीला कुणी नाही, अशी ती परीक्षा.

जो पास झाला, त्याला विमान उडवता येतं यात शंका नाही. पण सिम्युलेटरमध्ये बऱ्याच गोष्टी नसतात. मागे कंटाळलेली मुलं नसतात. उद्या सकाळी नऊची मीटिंग नसते. इंधन संपत आलं आणि हवामान बिघडलं, तर मधेच 'पॉज' करून चहा प्यायला जाता येतं.

मग मेंटॉर सक्तीचा कोण करतं?

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं सरकारचं. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांनुसार ज्याने संपूर्ण परीक्षा सिम्युलेटरवर दिली आणि ज्याला जेटचा आधीचा पुरेसा अनुभव नाही, त्याच्या लायसन्सवर एक मर्यादा लिहिली जाते. त्या जेटमध्ये पात्र पायलटच्या देखरेखीखाली २५ तास उडवून झाल्यावरच ती मर्यादा निघते. या तासांमध्ये नवा पायलट कॅप्टनच्या सीटवर बसून कॅप्टनची सगळी कामं करतो आणि जाणता पायलट दुसऱ्या सीटवरून बघतो.

दुसरं उत्तर विमा कंपनीचं आहे, आणि व्यवहारात तेच जास्त भारी पडतं. सरकारी अट लागू नसली तरी विमा कंपनी म्हणते, एवढे तास मेंटॉरसोबत उडा, मगच एकट्याने उडण्याचा विमा मिळेल. कुणाला २५ तास सांगितले जातात, कुणाला ५०, कुणाला १००. आधीचा अनुभव बघून हा आकडा ठरतो. विमान कर्जावर घेतलेलं असेल तर बँकेलाही विमा हवाच असतो. त्यामुळे ही अट मोडून चालत नाही.

वेग हा खरा प्रश्न नाही, वेळ आहे

नवा जेट पायलट बहुतेकदा पंख्याच्या विमानावरून आलेला असतो. त्याच्या सवयी त्या विमानाच्या असतात आणि त्यातल्या काही जेटमध्ये उलट्या पडतात.

पंख्याच्या विमानात पॉवर कमी केली की पुढचा पंखाच हवेला अडवतो आणि वेग चटकन उतरतो. जेट गुळगुळीत असतं, ते घसरत राहतं. खाली उतरणं आणि वेग कमी करणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्याला सहजासहजी जमत नाहीत. म्हणून उतरायची तयारी फार आधी करावी लागते. पायलटांचा ढोबळ हिशोब असा की, दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल लागतात. ४१ हजारांवरून हजार फुटांवर यायचं तर विमानतळ १२० सागरी मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर दूर असतानाच उतरायला लागायचं. जुन्या विमानात एवढ्या अंतरावर तो निवांत सँडविच खात असायचा.

उलट बाजूही आहे. पंख्याच्या विमानात थ्रॉटल पुढे ढकलला की पंख्याची हवा लगेच पंखांवरून वाहते आणि विमान सावरतं. जेट इंजिनाला मंद गतीवरून पूर्ण ताकदीवर यायला काही सेकंद लागतात. रनवेच्या अलीकडे, कमी उंचीवर, वेग घसरलेला असताना ते काही सेकंद फार मोठे असतात.

न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा कर्णधार थर्मन मन्सन याची गोष्ट इथेच येते. मॅचच्या मधल्या सुट्टीत ओहायोतल्या घरी पटकन जाता यावं म्हणून तो विमान उडवायला शिकला. एका इंजिनाचं विमान, मग दोन इंजिनांचं आणि मग थेट सायटेशन जेट, हा सगळा प्रवास दोन वर्षांच्या आत झाला. २ ऑगस्ट १९७९ रोजी तो अ‍ॅक्रन-कँटन विमानतळावर लँडिंगचा सराव करत होता. फ्लॅप उघडायचे राहिले, चेकलिस्ट वापरली गेली नाही, वेग घसरला आणि पॉवर वेळेत वाढवली गेली नाही. विमान रनवेच्या अलीकडेच कोसळलं आणि पेटलं. बरोबरचे दोघं भाजले पण बाहेर पडले. मन्सन वाचला नाही. तो ३२ वर्षांचा होता.

त्या दोघांपैकी एक जण विमान प्रशिक्षक होता. म्हणजे शेजारी कुणीतरी जाणकार आहे, एवढ्याने भागत नाही.

गप्प बसण्याचं काम

पहिल्या काही उड्डाणांत मेंटॉर बराच बोलतो. इंधन कसं मोजायचं हे सांगतो, कारण जेट खाली उडताना वरच्यापेक्षा कितीतरी जास्त इंधन पितं आणि कंट्रोलरने लवकर खाली आणलं की घरी काढलेला हिशोब बिघडतो. ४१ हजार फुटांवर केबिनचा दाब गेला तर शुद्ध टिकते ती जेमतेम १५ ते २० सेकंद. म्हणून ऑक्सिजनचा मास्क हाताने शोधायला न लागता चढवता यायला हवा, आणि मेंटॉर तो पुन्हा पुन्हा चढवायला लावतो.

पुढे मात्र त्याने बोलणं कमी करायचं असतं, आणि घसरण होते ती इथे. कंट्रोलरने भराभर सूचना दिल्या, पायलट गोंधळला, की उजवीकडच्याचा हात आपोआप रेडिओकडे जातो. तो फ्रिक्वेन्सी बदलून देतो, उंची लावून देतो. त्या क्षणी हे सौजन्य असतं. पण असे २५ तास गेले तर मालक दोघांनी मिळून जेट उडवायला शिकलेला असतो आणि सव्विसाव्या तासाला त्यातला एक जण उतरून घरी जातो.

चांगला मेंटॉर म्हणून चूक होऊ देतो. धोका नाही तोवर थांबतो आणि पायलटच्या ती लक्षात येते का ते बघतो. समजा, उतरायला दहा मिनिटं असताना कंट्रोलरने रनवे बदलला. नवा पायलट मान खाली घालून स्क्रीनवर नवा मार्ग भरू लागतो आणि ठरलेली उंची हातातून निसटते. इथे शिकवायची गोष्ट बटणं नव्हेत. रेडिओवर सरळ 'अनेबल' म्हणायचं, म्हणजे हे जमणार नाही, किंवा थोडा वेळ एखाद्या दिशेने उडत राहायला द्या, अशी मागणी करायची. आयुष्यभर सगळं जमवत आलेल्या, यशस्वी माणसाला हा शब्द तोंडातून काढणं जड जातं.

ऑटोपायलट चालू आहे, असं वाटणं

एकट्याने जेट उडवताना ऑटोपायलट हाच सहकारी. अनेक छोट्या जेटमध्ये तो बिघडलेला असेल तर एकट्याने उडायची परवानगीच नसते. म्हणून तो आत्ता नेमकं काय करतोय, हे मोठ्याने म्हणायची सवय मेंटॉर लावतो. बटण दाबलं म्हणजे काम झालं असं नाही, समोरच्या स्क्रीनवर ती अक्षरं दिसली पाहिजेत.

२९ डिसेंबर २०१६ ची रात्र. क्लीव्हलँडच्या तलावाकाठच्या विमानतळावरून एका सायटेशन सीजे४ ने उड्डाण केलं. पुढे लेक एरीचं काळं पाणी, एकही दिवा नाही. पायलट नवखा नव्हता. आधी तो मस्टँग उडवायचा आणि सीजे४ चं रेटिंग त्याने त्याच महिन्यात मिळवलं होतं. ऑटोपायलट चालू झाला, असं त्याला वाटलं. तो झालेला नव्हता. विमान तलावात कोसळलं आणि सहाही जण गेले. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने अंधारात दिशाभान हरपल्याचं मुख्य कारण दिलं. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींमध्ये थकवा होता, ऑटोपायलटबद्दलचा गैरसमज होता आणि जुन्या विमानाची सवयही होती. दोन्ही विमानांच्या कॉकपिटमध्ये पॅनलची मांडणी आणि विमानाचा कल दाखवणारं यंत्र वेगळं होतं. एका छोट्या जेटवरून दुसऱ्यावर जातानाही मेंटॉर मागतात, ते उगाच नाही.

पैसे देणाऱ्यालाच 'नाही' म्हणायचं

या व्यवस्थेत एक अडचण आहे. मेंटॉरचे पैसे देतो तो विमानाचा मालक. तोच विद्यार्थी, तोच ग्राहक. तास भरले, विमा कंपनीची अट पुरी झाली, पण मेंटॉरच्या मते माणूस अजून तयार नाही, तर काय? लॉगबुकात तास लिहून सही करणं आणि हा एकटा उडायला योग्य आहे असं मनापासून वाटणं, यात अंतर आहे. कायदा २५ तास मोजतो. समज मोजायचं यंत्र त्याच्याकडे नाही.

आणि चूक झाली तर किंमत एकटा पायलट मोजत नाही. ८ डिसेंबर २०१४ रोजी मेरीलँडमधल्या गेथर्सबर्ग इथे एक फेनम १०० उतरत होतं. वाटेत बर्फ साचेल असे ढग होते, पण पंखांवरचा बर्फ काढणारी यंत्रणा पायलटने चालू केलेली नव्हती. ती चालू असती तर त्याला जास्त वेगाने उतरावं लागलं असतं आणि वेग घसरल्याची धोक्याची सूचनाही आधी मिळाली असती. विमान स्टॉल होऊन एका घरावर पडलं. विमानातले तिघं गेले आणि त्या घरातली आई आणि तिची दोन मुलंही. ती यंत्रणा एका स्विचवर चालू होते. पण ती चालू केली की उतरण्याचा वेग आणि लागणारी रनवेची लांबी, दोन्ही पुन्हा मोजावी लागतात. एकट्या माणसाकडून निसटते ती अशीच साखळी.

म्हणून कसलेले मेंटॉर शेवटच्या टप्प्यात कागद पुढे ठेवतात. पहिले काही महिने ढग किती खाली असले तर निघायचं नाही, आडवा वारा किती चालेल, रनवे किमान किती लांब हवा, दिवसभर काम करून रात्री उडायचं का, हे सगळं पायलटने स्वतःच्या हाताने लिहायचं. मालक स्वतःच पायलट असल्यामुळे त्याला थांबवणारा ऑपरेशन विभाग नसतो, सीनियर कॅप्टन नसतो. असतो तो हा कागद, आणि वर्षातून एकदा द्यावी लागणारी उजळणीची परीक्षा. एकट्याने जेट उडवणाऱ्यांनाही ती आता अमेरिकेत लागू आहे.

तास पूर्ण झाल्यावर काही मेंटॉर लगेच निरोप घेत नाहीत. आणखी एक-दोन उड्डाणांना येतात, पण उजव्या सीटवर बसत नाहीत. मागे, प्रवाशाच्या खुर्चीत पट्टा लावून बसतात. तिथून त्यांचा हात कुठल्याच बटणापर्यंत पोहोचत नाही.