वैशाखात न वितळणारी जेली

खानदेशातल्या बोदवडला वैशाखात पारा पंचेचाळिशीच्या आसपास रेंगाळतो. जिलेटिनची जेली तिशी ओलांडली की ढिली पडते आणि पस्तिशीपर्यंत तिचं पाणी होतं. तरीही लग्नाच्या मांडवात कस्टर्डमध्ये लाल-हिरवे चौकोन ताठ उभे दिसले, तर ते बहुधा जिलेटिनचे नसतात. त्यांचं कूळ समुद्रातलं आहे. पण जेलीची कथा सुरू होते ती हाडापासून.

जनावरांच्या हाडात आणि कातड्यात कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तीन धागे दोरासारखे एकमेकांत पिळलेले असतात. गरम पाण्यात हा पीळ सुटतो, गार झाल्यावर धागे जागोजागी पुन्हा गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. हा गुंता आपल्या अंगाच्या उबेलाही टिकत नाही, म्हणून ती जेली जिभेवर विरघळते. तिचं सगळं सुख यातच आहे आणि खानदेशात तिची अडचणही हीच.

कारखान्यातलं काम मोठ्या सबुरीचं. हाडं फोडून त्यांतली चरबी काढतात. मग ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही दिवस ठेवतात. खनिजं विरघळतात आणि ओसीन हा मऊ भाग उरतो. तो चुन्याच्या निवळीत कित्येक आठवडे मुरतो. त्यानंतर धुऊन, गरम पाण्यात टप्प्याटप्प्यानं अर्क काढून, गाळून, आटवून, थिजवून, वाळवून त्याची भुकटी करतात. विरघळलेली खनिजंही वाया जात नाहीत, त्यांचं कोंबड्या-गुरांचं खाद्य बनतं. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळच्या बामणीला हाडांपासून ओसीन बनवण्याचा उद्योग उभा राहिला. भुसावळहून इटारसीमार्गे गाडी जाते त्या जबलपूरला जिलेटिनचा जुना कारखाना आहे. औषधांच्या कॅप्सूलनाही हेच लागतं.

पूर्वी हा खटाटोप घरात व्हायचा. जनावरांचे पाय तासन्‌तास उकळायचे, वरची चरबी काढायची, गाळायचं. म्हणून युरोपात जेली श्रीमंतांच्या ताटातच दिसे. १८४५ साली न्यूयॉर्कच्या पीटर कूपरनं भुकटीच्या जिलेटिनचं पेटंट घेतलं. अमेरिकेतलं सुरुवातीचं एक वाफेचं इंजिनही त्याचंच, आणि सरसाचा धंदाही. जेली विकण्याकडे मात्र त्यानं फारसं लक्ष दिलं नाही. १८९७ मध्ये ले रॉय गावच्या पर्ल वेटनं तिच्यात फळांचा स्वाद आणि साखर मिसळली. ती ‘जेल-ओ’. दोन वर्षांनी त्यानं ती ४५० डॉलरना विकून टाकली.

उन्हाळ्यानं जिलेटिनला फक्त स्वयंपाकघरातच नव्हे, प्रयोगशाळेतही हरवलं. १८८१ च्या सुमारास वॉल्टर हेसे हा जर्मन डॉक्टर जिवाणू वाढवायला जिलेटिनचा थर वापरत होता. उकाड्यात तो थर पातळ होई, शिवाय काही जिवाणू तो खाऊनच टाकत. त्याची बायको फॅनी घरी जेली करताना समुद्रशेवाळातलं अगर वापरायची. जावात राहून आलेल्या ओळखीच्यांकडून ती ते शिकली होती. तिनं तेच सुचवलं. अगर चाळिशीच्या खाली घट्ट होतं, पण पुन्हा वितळायला त्याला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. १८८२ मध्ये, हेसे ज्यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता त्या रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूवरच्या लेखात अगरचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू तिच्याच युक्तीवर वाढवले जातात. तिचं नाव प्रत्येक शाळेत सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हे अगर म्हणजे आपल्या किराणा दुकानातलं चायना ग्रास. जपानी परंपरेनुसार १६५० च्या दशकात क्योटोजवळच्या एका सराईवाल्यानं समुद्रशेवाळाची उरलेली खळ बाहेर टाकली. ती रात्री गोठली, दिवसा वितळली आणि पाणी निघून जाऊन कोरड्या पट्ट्या उरल्या. आधी गोठवून मग पाणी काढायची तीच रीत पुढे धंद्याची झाली. भारतात हे शेवाळ मुख्यतः तमिळनाडूत, रामेश्वरमच्या बाजूच्या समुद्रात बुड्या मारून बायका गोळा करतात. समुद्र न पाहिलेल्या बोदवडच्या थाळीत त्यांचे कष्ट येतात.

घट्ट होणारं गोड खानदेशाला परकं नव्हतंच. आखाजीच्या आधी कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात, वाटून-गाळून चीक काढतात. आधणात तो ढवळता ढवळता काचेसारखा होतो आणि पहिली वाटी दूध-साखर घालून मुलांच्या हाती जाते. इथं पाणी धरतो तो गव्हाचा स्टार्च, आणि एकदा शिजलेला चीक उन्हानं पातळ होत नाही.

पाकिटातल्या शाकाहारी जेलीत बहुतेकदा कॅराजीनन असतं, तेही लाल समुद्रशेवाळाचंच. या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे पाकिटावर शाकाहारासाठी हिरवी आणि मांसाहारासाठी तपकिरी खूण सक्तीची झाली. ज्या घरात मांस शिजत नाही तिथल्या माणसाला एका नजरेत उत्तर मिळालं, याचं मोल फार आहे. जेलीत केळी घालणाऱ्यांनी निर्धास्त राहावं. न शिजवलेला अननस किंवा पपई मात्र जिलेटिनमध्ये घालू नये, त्यांतली पाचकद्रव्यं प्रथिन तोडतात आणि जेली धरतच नाही. अगरला त्यांची बाधा नाही. पाकिटावर खुणेसोबत घटकांची ओळही वाचावी. ४०६ हा आकडा अगरचा आणि ४०७ कॅराजीननचा.