रोज एक चित्र, महिनाभर

काही दिवसांपूर्वी आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यात, विज्ञान शिक्षकांच्या एका छोट्या शिबिराला गेलो होतो. विषय होता बियांचे अंकुरण. ओघात आम्ही दादासाहेब फाळके यांची नेहमीची गोष्ट सांगितली. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, रोज एक चित्र असे महिनाभर घेतले आणि वाटाण्याचा वेल मिनिटभरात वाढताना दाखवला. गोष्ट संपताच मागच्या रांगेतले एक गुरुजी म्हणाले, "सर, महिन्याची चित्रे तीस. मग ती मिनिटभर कशी पुरली?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. ही गोष्ट आम्ही कितीतरी वेळा सांगितली होती, तशी लिहिलेलीही वाचली होती. पण तीस आणि साठ हे दोन आकडे कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

आता हिशेब करू या. मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चौकटी सरकत. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात चौकटीही १६च बसतात. म्हणजे एक फूट फिल्म, एक सेकंद. मिनिटाला ६० फूट, ९६० चौकटी. रोज एकच चौकट घेतली तर मिनिटभराच्या फिल्मसाठी अडीच वर्षांहून अधिक काळ कुंडीपुढे बसावे लागेल. वाटाण्याचे पीक तर तीन-चार महिन्यांत आटोपते. उलट तीस चौकटींची फिल्म दोन सेकंदांत संपेल.

महिनाही खरा आणि मिनिटही खरे धरले, तर रोज ३२ चौकटी घ्यायला हव्यात. दिवसाउजेडाचे दहा तास हाताशी असतील तर सुमारे १९ मिनिटांनी एक. ती मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, त्यामुळे तिचे फूट मोजता येत नाहीत. पण 'रोज एक' हे शब्द या हिशेबात टिकत नाहीत. हे काम सकाळी एकदा खटका दाबून मोकळे होण्याचे नव्हते. दिवसभर घड्याळाकडे पाहत, कुंडी आणि कॅमेरा जागचा हलू न देता, उजेड सारखा राहील अशी काळजी घेत ते करावे लागले असणार. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांत दांडीच्या एका फेऱ्यात साधारणपणे आठ चौकटी उमटत. एकेकच चौकट घ्यायची, तर हातही तसाच बसलेला लागे.

वनस्पतीची वाढ अशी चित्रित करण्याची युक्ती जगात नवी नव्हती. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या आसपास असे प्रयोग केले होते. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने १९१० साली फुले उमलतानाची फिल्म केली होती. फाळक्यांचा हेतू मात्र वनस्पतिशास्त्राचा नव्हता. चित्रपट काढायला भांडवल हवे होते आणि 'तुम्हाला हे यंत्र चालवता येते का?' या शंकेचे उत्तर द्यायचे होते. वाटाण्याला मेहनताना द्यावा लागत नाही, त्याला वेषभूषा लागत नाही आणि तो सुटी मागत नाही. ही फिल्म निवडक मंडळींना दाखवून त्यांनी पैसा उभा केला.

फाळके मुळात यंत्राच्या आणि हस्तकौशल्याच्या वेडाने झपाटलेले गृहस्थ. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. (तिथे उगम पावणारी गोदावरी पुढे कोपरगावावरून वाहते, हे शिबिरातल्या मंडळींनी आम्हाला आवर्जून ऐकवले.) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, मग छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, जादूचे प्रयोग, छापखाना. रंगीत छपाईसाठी १९०९ साली जर्मनीची वारी. भागीदारांशी बिनसल्यावर छापखाना सुटला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांना पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला.

पुढचे महिने त्यांनी मिळतील ते चित्रपट पाहण्यात आणि परदेशांतून मागवलेली माहितीपत्रके चाळण्यात घालवले. सेसिल हेपवर्थचे चलत्चित्रणावरचे १८९७ साली निघालेले पुस्तक हा त्यांचा पहिला गुरू. जागरणांनी डोळ्यांवर इतका ताण आला, की दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने खुद्द हेपवर्थच्या स्टुडिओत पोचले आणि एप्रिलमध्ये विल्यमसन कॅमेऱ्यासह परतले. पुस्तकातले वाचून मग लेखकाच्याच कारखान्यात जाऊन ताडून पाहणे, हे भाग्य किती विद्यार्थ्यांना लाभते!

फिल्मला भोके पाडायचे यंत्रही आले होते. कोरी फिल्म कडांना भोके नसलेली येई. ती घरी पाडावी लागत, तीही अंधारात. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. फिल्म धुण्याचे कामही त्या करीत. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधत. दागिनेही त्यांनीच दिले. आमच्या मते गोष्टीतली खरी उणीव चौकटींच्या संख्येत नाही, इथे आहे. आपण वर्गात 'फाळक्यांनी एकट्याने' असे म्हणतो. भोके एकसारख्या अंतरावर पडली नाहीत तर पडद्यावर चित्र थरथरते. भारतीय चित्रपट पडद्यावर स्थिर राहिला त्यात या बाईंच्या हातांचा वाटा आहे.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. सेकंदाला १६ चौकटींनी चालवला तर तो तासाभराचा होतो, बोलपटांच्या २४ चौकटींनी चालवला तर ४१ मिनिटांचा. मूकपटांची लांबी मिनिटांपेक्षा फुटांत सांगणे बरे, ते यासाठीच.

फाळके आपली मते मोकळेपणाने मांडत. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेख लिहिले. त्यांत स्वतःच्या खटाटोपाची हकीकत आहे, तसा हा धंदा स्वदेशी व्हावा हा आग्रहही आहे. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा छोटा चित्रपटही त्यांनी काढला होता. त्याच्या उरलेल्या तुकड्यात ते स्वतः काम करताना दिसतात. १९२७ च्या सरकारी चौकशी समितीपुढे त्यांनी हे शास्त्र शिकवणाऱ्या शाळेची गरज मांडली. पुण्यात चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था निघाली ती १९६० साली.

यंत्राने वर आलेल्या या माणसाला शेवटी यंत्रानेच मागे टाकले. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती, अर्थात मूक. १९३२ साली अहमदनगरात जन्मलेला शाहू मोडक 'श्यामसुंदर' या बोलपटात बोलता-गाता कृष्ण झाला. त्याच वर्षीचा फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकच होता. त्याला आवाज मागाहून जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

प्रश्न विचारणाऱ्या गुरुजींनी परत गेल्यावर शाळेत मटकी ओल्या कापसावर ठेवली आणि मोबाइल तिपाईवर बांधून दर दहा मिनिटांनी एक, अशी दोन दिवस चित्रे घेतली. २८८ चौकटी झाल्या. सेकंदाला १६ धरून १८ सेकंदांची फिल्म. मधल्या रात्री गावातली वीज चार तास गेली होती, तेवढ्या २४ चौकटी काळ्या आल्या. पडद्यावर तो दीड सेकंदाचा अंधार. मुलांनी फिल्म अंधाराच्या आधी आणि नंतर थांबवून कोंबाची लांबी पट्टीने मोजली, तेव्हा तो अंधारातही वाढलेला होता.