कोंदणाकडून डाखाकडे : लॅपटॉपमधील प्रोसेसरच्या बैठकीचा इतिहास

सोनार दोन तऱ्हांनी वस्तू जोडतो. खडा कोंदणात बसवतो, आणि धातूला धातू डाख देऊन सांधतो. कोंदणातला खडा पुढेमागे काढता येतो, बदलता येतो. डाखलेला सांधा मात्र पुन्हा आगीशिवाय सुटत नाही. लॅपटॉप संगणकाचा प्रोसेसर या दोन्ही तऱ्हांनी बसवला गेला आहे. आधी डाख, मग जेमतेम दीड दशक कोंदण आणि पुन्हा डाख, असा त्याचा प्रवास. हे कोंदण, म्हणजे सॉकेट, कोणासाठी आले आणि कोणाच्या सोयीने गेले, हा या लेखाचा विषय आहे.

टेबलावरच्या संगणकात जागेची ददात नसते. लॅपटॉपमध्ये मिलिमीटर, वॉट आणि ग्रॅम या तिन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. इंटेलने १९९० मध्ये खास फिरत्या संगणकांसाठी ३८६एसएल हा प्रोसेसर आणला, तो या हिशेबातूनच. पुढे पेंटियमच्या काळात चिप एका पातळ फितीवर चढवून तिचे केसासारखे पाय थेट मुख्य पाटीवर डाखण्याची पद्धत रूढ झाली. जाडी वाचली, पण पाटी एकदा तयार झाली की प्रोसेसरचा वेग कायमचा ठरून जाई.

ही अडचण वापरणाऱ्याची नव्हती, ती कारखानदाराची होती. त्या दशकात प्रोसेसरच्या किमती झपाट्याने उतरत आणि दर काही महिन्यांनी अधिक वेगवान चिप येई. महागडी चिप डाखलेल्या पाट्या गोदामात पडून राहणे म्हणजे नुकसान. म्हणून १९९७ च्या सुमारास इंटेलने मोबाइल मॉड्यूल आणले. प्रोसेसर, त्याची कॅश स्मृती, विद्युतदाब नियंत्रक आणि चिपसेटचा एक भाग एका छोट्या पाटीवर बसवून ती पाटी २८० पिनांच्या जोडणीने मुख्य पाटीला लावायची, अशी ही रचना होती. पुढच्या आवृत्तीत पिना ४०० झाल्या. गिऱ्हाइकाची मागणी आली की मॉड्यूल लावा आणि माल पाठवा, इतके काम सोपे झाले.

मॉड्यूलनंतर खरे कोंदण आले. मायक्रो-पीजीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बैठकीत बारीक पिनांचा प्रोसेसर अलगद ठेवायचा आणि कडेचा एक स्क्रू चपट्या पेचकसाने अर्धा फेरा फिरवायचा, की पिना घट्ट धरल्या जात. मोबाइल पेंटियम थ्रीसाठी सॉकेट ४९५, पेंटियम एमसाठी सॉकेट ४७९, २००६ मध्ये कोअर ड्युओसाठी सॉकेट एम आणि २००७ मध्ये सॉकेट पी अशी ही मालिका आहे. एएमडीनेही २००६ मध्ये ६३८ पिनांचे सॉकेट एस१ आणले.

ही नावे नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. सॉकेट एम आणि सॉकेट पी दोन्ही ४७८ पिनांची, पण एका पिनेची जागा बदललेली, त्यामुळे एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. पुढच्या जी१ आणि जी२ या दोन्ही बैठकी ९८८ पिनांच्या, तरी परस्परांत न चालणाऱ्या. मालकाने चार-पाच वर्षांनी नवा प्रोसेसर आणून बसवावा, असा हेतू असता तर बैठक टिकाऊ ठेवली गेली असती. कोंदण कारखान्याच्या सोयीसाठी होते. मालकाला मिळालेली मोकळीक हे त्याचे उपफळ होते.

पण उपफळ गोड निघाले. मोडीत निघालेल्या यंत्रातला प्रोसेसर काढून दुसऱ्यात घालता येऊ लागला आणि दुरुस्तीचा एक स्वस्त मार्ग तयार झाला. मार्च २००३ मध्ये आलेला पेंटियम एम इतक्या कमी विजेत इतके काम करी, की हौशी लोकांना तो टेबलावरच्या संगणकातही हवासा वाटू लागला. त्यासाठी असूस कंपनीने सीटी-४७९ नावाचा जोड विकायला काढला.

बदलाची चाहूल १५ जानेवारी २००८ रोजी लागली. स्टीव्ह जॉब्ज यांनी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. त्याची जास्तीत जास्त जाडी होती १.९४ सेंटिमीटर. त्यासाठी इंटेलने कोअर २ ड्युओचे वेष्टन ६० टक्क्यांनी लहान केले होते आणि ती चिप पाटीवर डाखलेली होती. मे २०११ मध्ये तैपेईच्या प्रदर्शनात इंटेलने अल्ट्राबुकची घोषणा केली : जाडी २० मिलिमीटरच्या आत, किंमत हजार डॉलरच्या आत. नेहमीचे लॅपटॉप प्रोसेसर तेव्हा ३५ वॉटचे होते, अल्ट्राबुकसाठीचे १७ वॉटचे. हे दुसरे फक्त डाखण्याजोग्या, पोटाशी कथिलाचे गोळे असलेल्या बीजीए वेष्टनात मिळत. इतक्या सडपातळ यंत्रात सॉकेटची काही मिलिमीटर उंचीही परवडणारी नव्हती. २०१३ च्या हॅसवेल पिढीबरोबर आलेले जी३ हे इंटेलचे लॅपटॉपसाठीचे शेवटचे सॉकेट ठरले. पुढच्या ब्रॉडवेल पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर सगळे डाखूनच आले. एएमडीचा २०११ चा ७२२ पिनांचा एफएस१ हा घाटही फार टिकला नाही.

यात नुसता तोटा झाला असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. यंत्र हलके झाले आणि बॅटरी दिवसभर पुरू लागली. प्रोसेसर बदलणारे लोक आधीही थोडेच होते. पण दुरुस्तीचे एकक बदलले. पूर्वी एक चिप बदलायची, आता अख्खी पाटी. जुन्या यंत्राला त्या पाटीची किंमत परवडत नाही आणि एरवी धडधाकट असलेला पडदा, कळफलक, सांगाडा भंगारात जातो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, कारागिरांनी यावर आपला तोडगा काढला आहे. उष्ण हवेच्या यंत्राने चिप उचलायची, जुने कथिल साफ करायचे, जाळीतून नवे गोळे बसवायचे आणि पुन्हा डाखायची. याला ते रीबॉलिंग म्हणतात. पेचकसाचा अर्धा फेरा जे काम करी, त्यासाठी आता यंत्रसामग्री, तापमानाचा अंदाज आणि वर्षांचा सराव लागतो.

कोंदण परत येईल असे दिसत नाही. दुसरा मार्ग मात्र २०२१ मध्ये निरव पटेल यांच्या फ्रेमवर्क कंपनीने दाखवला : प्रोसेसर डाखलेलाच, पण पाटी बदलता येईल अशी. पुढच्या वर्षी नव्या पिढीची पाटी आली ती त्याच सांगाड्यात बसली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. लॅपटॉपपुरता या हक्काचा अर्थ सरळ आहे : सुट्या पाट्या रास्त दरात मिळाव्यात आणि त्यांचे आराखडे कारागिराला पाहता यावेत. सॉकेटच्या काळात मालकाला जी मोकळीक कारखान्याच्या सोयीमुळे मिळाली, ती आता मागून, नियम करून घ्यावी लागणार आहे.