घड्याळ कधी सुरू करायचं? बार्शी-उस्मानाबादकडून शिकूया सर्व्हायवल अ‍ॅनालिसिस

सर्व्हायवल अ‍ॅनालिसिस शिकताना आपण बहुतेक जण थेट सॉफ्टवेअर उघडतो. कमांड चालते, हॅझर्ड रेशो येतो, पण तो नेमकं काय सांगतोय हे विचारलं की अडखळतो. कॅप्लन-मायरची पद्धत १९५८ ची, डेव्हिड कॉक्स यांचं मॉडेल १९७२ चं. ती कशासाठी लागतात हे समजायला आपल्या महाराष्ट्रातलंच एक उत्तम उदाहरण आहे.

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. खेड्यातले कितीतरी रुग्ण मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचतच नसत. म्हणून रजिस्ट्रीची माणसं गावोगाव जाऊन चौकशी करत.

पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, ५२ गावगट. हे गावगट रँडम पद्धतीनं चार भागांत वाटले. तीन भागांत प्रत्येकी एक तपासणी एकदाच केली: एचपीव्ही, पॅप किंवा अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता आकडे बघा. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रियांमध्ये १२७ कॅन्सर सापडले, तुलना गटात ३१,४८८ मध्ये ११८. म्हणजे तपासणीचा उपयोग शून्य? थांबा. पुढच्या टप्प्यात पोचलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९, तुलना गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४.

मग फक्त रुग्ण घेऊन, निदानानंतर ते किती जगले हे मोजलं तर? इथेच फसगत होते. समजा एका बाईचा मृत्यू पन्नाशीत होणारच आहे. त्रास झाल्यावर ४८ व्या वर्षी निदान झालं, तर ती २ वर्षं जगली. तपासणीत ४५ व्या वर्षीच सापडलं, तर ५ वर्षं. आयुष्य एका दिवसानंही वाढलं नाही, कागदावर मात्र ३ वर्षं वाढली! याला लीड टाइम बायस म्हणतात. उस्मानाबादच्या अभ्यासात मृत्यूंची तुलना फक्त रुग्णांपुरती नव्हती, गटातल्या सगळ्या स्त्रियांची होती. घड्याळ निदानाची वाट बघत नव्हतं.

घड्याळ थांबतं कधी? समजा आपल्या बोरी अरबच्या तिघी जणी अभ्यासात आहेत. पहिली शेवटपर्यंत, ८ वर्षं राहिली. दुसरी २ वर्षांनी मुलाकडे पुण्याला गेली आणि संपर्क तुटला. तिसरी ५ व्या वर्षी वारली. एकूण १५ पर्सन-इयर्स, घटना १. दुसरीला यादीतून काढायचं नाही. तिची २ वर्षं मोजायची, हेच सेन्सॉरिंग. पॉयसन रिग्रेशनमध्ये या पर्सन-इयर्सचा लॉग ऑफसेट म्हणून जातो.

आता कागद घ्या. ३४ भागिले ३४,१२६. ६४ भागिले ३१,४८८. दोन्हींचं गुणोत्तर साधारण ०.४९ येतं. प्रसिद्ध झालेला हॅझर्ड रेशो ०.५२ आहे (९५ टक्के विश्वासांतर ०.३३ ते ०.८३). तुमच्या भागाकारात कोण किती काळ अभ्यासात होतं हे आलंच नाही. शिवाय एकाच गावच्या स्त्रिया बऱ्याच बाबतींत सारख्या असतात; विश्वासांतर काढताना तेही धरावं लागतं, नाहीतर ते खोटंच अरुंद दिसतं.

या अभ्यासावर टीकाही झाली: तुलना गटाला तपासणी का दिली नाही? हा वाद जरूर वाचा. त्या ६४ मृत्यूंशिवाय ०.५२ हा आकडा निघालाच नसता.

तुमच्या प्रपोजलमध्ये मॉडेलचं नाव लिहिण्याआधी तीन ओळी लिहा: घड्याळ कधी सुरू होतं, कोणत्या घटनेवर थांबतं आणि मधेच सुटलेल्यांचं काय करणार. हे जमलं की कमांड शोधायला दहा मिनिटं पुरतात.