‘अलबेला’, आपला तंबू आणि हलकं हसणं



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आमचे एक जुने सहकारी मला म्हणाले, “सर, जन्मभर कांट शिकवला आणि आता हे नाचगाण्याचे सिनेमे?” त्यात थट्टा होती, पण थोडी काळजीही होती. त्यांना तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. आज देऊन बघतो.

मी बारा-तेरा वर्षांचा असेन. माळेगावच्या खंडोबाची यात्रा. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार दिवसा, आणि रात्री तमाशाचे फड नि सिनेमाचे तंबू. आम्ही एका तंबूत शिरलो. मध्ये कनात, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडीमाणसं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना अंधार आणि शिट्ट्या. लागला होता भगवानदादांचा ‘अलबेला’. चित्रपट १९५१ चा, म्हणजे तोवर जुनाच झालेला, प्रिंटवर पाऊस पडत होता. पण भगवानदादा हात लांब करून, गुडघे किंचित वाकवून डुलायला लागले, आणि आमच्या पुढची रांगच्या रांग उठून नाचायला लागली. कुणी पडद्यावर नाणी फेकली. माझ्याशेजारी मामा बसले होते. मामा मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पात राहून आलेले, घरात त्यांचा दरारा. ते उठले नाहीत, पण मांडीवर त्यांची बोटं ताल धरत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले ते. त्याआधी त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आता तारखा जरा शेजारी ठेवून बघा. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं १७ सप्टेंबर १९४८ ला. त्याआधी रझाकारांनी गावंच्या गावं हैराण केली. आणि पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवलं, त्याची चौकशी सुंदरलाल समितीनं केली. सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. त्यानंतर तीनच वर्षांत ‘अलबेला’ आला. तंबूत ज्या रांगा नाचत होत्या, त्यांत दोन्हीकडची माणसं होती. एकमेकांच्या घरी जायला ज्यांना अजून संकोच वाटत होता, ती एका तालावर डुलत होती. सिनेमानं जखमा भरल्या असं मी म्हणणार नाही, तो भाबडेपणा होईल. दोन-अडीच तास त्या एकत्र बसल्या, एवढंच म्हणतो. पण ते थोडं नव्हतं.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. हॉलिवूडच्या स्टुडिओंचे नाचगाण्याचे विनोदी चित्रपट बहरले ते मंदीच्या काळात. १९३३ साली अमेरिकेत साधारण चारांतला एक कामकरी बेकार होता. त्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सनं ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ काढला. सुरुवातीलाच नाण्यांनी मढलेल्या मुली पैशाचं गाणं गातात, आणि तालीम चालू असतानाच देणेकऱ्यांसाठी सरकारी माणसं येऊन सामान जप्त करतात! हसायला येतं, पण विनोद कशावर आहे ते बघा. शेवटचं गाणं तर पहिल्या महायुद्धातून परतून रोजगाराविना फिरणाऱ्या सैनिकांवर आहे. ‘हलकंफुलकं’ म्हणून आपण जे बाजूला सारतो, ते इतकं हलकं नसतं.

हे चित्रपट मुंबईला पोहोचले ते थाटात. कुलाब्याचं रीगल १९३३ मध्ये उघडलं ते लॉरेल-हार्डीच्या ‘द डेव्हिल्स ब्रदर’नं, आणि तो एका फ्रेंच संगीतिकेवर बेतलेला. एमजीएम कंपनीनं तर धोबीतलावला स्वतःचं मेट्रो बांधलं, १९३८ मध्ये. त्याच साली मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ आला, लेखन आचार्य अत्र्यांचं. ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून नट्यांची चित्रं फेकून देणारा औदुंबर आणि त्याच्यासमोर पोहण्याच्या पोशाखात गाणारी मीनाक्षी! बर्गसाँ म्हणतो, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येतं. औदुंबराइतकं चोख उदाहरण त्यालाही मिळालं नसतं. आपल्याकडे मात्र १९३८ म्हणजे स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि वंदे मातरमची चळवळ. सभेला सरकारची परवानगी लागे, तिथं असली चैन कुठली? इंग्रजी चित्रपट पाहायचा तर सिकंदराबादची छावणी गाठायची. मी स्वतः फ्रेड अस्टेअर पाहिला तो नोकरीच्या उत्तरार्धात, घरच्या टीव्हीवर. म्हणजे आमच्याकडे भगवान आधी आले, अस्टेअर नंतर!

हा उलटा क्रम मला फायद्याचा झाला. स्टॅन्ले कॅव्हेल हा हार्वर्डचा तत्त्वज्ञ. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून १९९६ मध्ये बोलताना त्यानं कांटही आणला आणि ‘द बँड वॅगन’ (१९५३) मधला अस्टेअरही. रेल्वेच्या फलाटावरून तो गुणगुणत चालतो, एवढाच प्रसंग. चालणं कुठं संपलं आणि नाच कुठं सुरू झाला ते सांगता येत नाही, यावर कॅव्हेल थांबतो. मी वाचलं आणि मला तंबू आठवला. (सहकाऱ्यांना द्यायचं उत्तर मला इथं सापडलं.) पण फरकही आहे. अस्टेअरसारखं चालणं आपल्याला जमेल असं कुणाला वाटत नाही. भगवानदादा ठेंगणे, अंगानं भरलेले, पावलं मोजकीच. त्यांचा नाच बघताना पुढच्या रांगेतल्या माणसाला वाटतं, हे मलाही येतं. आणि तो उठतो.

भरतमुनींनी हसण्याचे सहा प्रकार सांगितले आणि त्यांची उतरंडही लावली. स्मित आणि हसित उत्तम लोकांचं, विहसित-उपहसित मध्यमांचं, अपहसित-अतिहसित अधमांचं. मी हे बरीच वर्षं वर्गात सांगितलं, एकदाही न अडखळता. माळेगावला मामा जे हसले ते अतिहसित होतं.

भगवान आभाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांनी आधी काढले ते मारधाडीचे स्वस्त चित्रपट, गिरणगावात चालणारे. सामाजिक चित्रपट काढ, असं राज कपूरनं सुचवलं आणि ‘अलबेला’ झाला. त्यातला प्यारेलालही गरीब घरचाच, नट व्हायची स्वप्नं बघणारा. घरच्यांनी बोल लावल्यावर बाहेर पडतो, रंगभूमीवर नाव कमावतो, घरी पैसे पाठवतो. ते मधल्यामध्ये मेहुणा खातो. परत येतो तेव्हा आई गेलेली असते. विनोदी चित्रपट म्हणतो ना आपण याला?

संगीत सी. रामचंद्रांचं, पुणतांब्याचा आपला माणूस. बाँगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट त्यांनी हिंदी गाण्यात असे मिसळले की परके वाटेनात. त्यांचा सहायक चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा ट्रम्पेटवाला ‘अलबेला’त आपला वाद्यवृंद घेऊन पडद्यावरही दिसतो. त्याच्यासारख्या कितीतरी गोवेकर वादकांची नावं श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले हे लोक नसते तर हिंदी चित्रपटाचा ऑर्केस्ट्रा उभा राहिला नसता.

आणि भगवानदादा? ‘झमेला’, ‘लाबेला’ काढले, ‘अलबेला’ पुन्हा जमला नाही. गाड्या गेल्या, बंगला गेला. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरच्या चाळीत ते वारले. २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाईंनी काम चांगलं केलं आहे, जरूर बघा.

प्रश्नोत्तरांआधी दोन छोटे तुकडे दाखवायचे आहेत. आधी फलाटावरचा अस्टेअर, मग भगवानदादा आणि गीता बाली. दिवे घालवा. दुसऱ्या तुकड्याला कुणाला उठावंसं वाटलं तर मागे मोकळी जागा आहे.