पेवातली ज्वारी

मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारी पेरतात ती उतरत्या पावसावर. हस्ताचं पाणी काळ्या रानात खोल मुरलं, की त्या ओलीवर मालदांडी माघापर्यंत उभी राहते. मग थेंब पडला नाही तरी कणीस भरतं. हस्त कोरडा गेला तर मात्र दाणाही जातो आणि कडबाही. असं साल अधूनमधून येणारच, हे जुन्या कुणब्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची तरतूद तो पिकलेल्या सालीच करायचा, जमिनीखाली.

आमच्या वाड्याच्या अंगणात दोन पेवं होती. पेव खणायचं ते गावठाणातल्या पांढरीत किंवा घट्ट मुरमात. काळ्या मातीत नाही, कारण ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत पोट मोठं. आधी आत जाळ करून भिंती खरपूस वाळवायच्या, मग तळाला आणि कडेनं कडबा-भुसा रचायचा आणि कडक उन्हं खाल्लेली ज्वारी ओतायची. वर पुन्हा भुसा, त्यावर दगडी फरशी आणि मातीचा लिंपा. हवा कोंडली की किडा जगत नाही. अशी ज्वारी कित्येक वर्षं टिकायची. कडेची थोडी काळवंडायची, तिला उग्र वास यायचा, ती गुरांना.

पेव उघडायचा दिवस जोखमीचा. आत विषारी हवा साठलेली असते. घाईनं उतरलेली माणसं आतच राहिल्याच्या हकिगती गावोगावी आहेत. आजी कुणाला पायरीवरसुद्धा उभं राहू द्यायची नाही. ‘‘आधी कंदील, मग माणूस,’’ म्हणायची. दोरानं सोडलेला कंदील विझला, तर पेव आणखी उघडं ठेवायचं. उतरणाऱ्या गड्याच्या कमरेला दोर असायचाच. बियाणं मात्र पेवात कधी जात नसे. ते राख कालवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत वेगळं असायचं आणि घरात चूल पेटली नाही तरी त्याला हात लावायचा नाही.

दामाजीपंतांची कथा मंगळवेढ्यात घडावी, हे मला अगदी रास्त वाटतं. पंधराव्या शतकात दुष्काळ पडला, तेव्हा बहामनी बादशहाच्या या अंमलदारानं सरकारी अंबारं उपाशी लोकांना लुटू दिली आणि त्याची भरपाई विठ्ठलानं विठू महार होऊन बेदरला केली, अशी परंपरा सांगते. विठ्ठलाचं भाविकांवर सोडू. पण दुष्काळात दाणा कुणाच्या ताब्यात आहे यावर माणसं जगतात की मरतात, हे त्या कथेला नेमकं कळलेलं आहे.

1876 साली हेच दिसलं. त्या वर्षी पावसानं सोलापूर जिल्ह्याकडे पाठ फिरवली. पण कुणब्याची कंबर आधीच मोडलेली होती. खळ्यावरची रास घरात येण्याऐवजी सावकाराकडे जात होती. आदल्याच वर्षी पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी कर्जखतं जाळली होती. ज्याचं पेव रिकामं, तो दुष्काळी कामावर गेला. तिथं 1877 च्या जानेवारीत सरकारनं दुष्काळासाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. मजुरांनी कामं सोडली. गणेश वासुदेव जोशींच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे लावून धरली. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातल्या हातांनी उभा राहिला आहे. मला त्या बांधावरून जाताना एक पौंड धान्य आठवतंच.

1972 चा दुष्काळ मी परकर-पोलक्यात पाहिला. आधीची दोन वर्षंही ओढगस्तीची होती, त्यामुळे आमची पेवं अगोदरच खरवडून झालेली. ज्या बायकांनी वाड्याचा उंबरा ओलांडला नव्हता त्या रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसल्या, माझी आईही. पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली, तिची भाकरी थापताना तुटायची. 1973 च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला त्यातूनच बळ मिळालं. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. आईच्या पिढीनं घण मारून मिळवलेला तो हक्क आहे, असंच मी मानते.

पेवं मात्र त्यानंतर पुन्हा भरली नाहीत. लेव्हीच्या, म्हणजे सरकारी सक्तीच्या धान्यवसुलीच्या, धास्तीनं दाणा घरात ठेवायला लोक कचरू लागले. खरिपाची संकरित ज्वारी पावसात सापडून काळी पडायची आणि लवकर किडायची. ती वर्षानुवर्षं ठेवायची नव्हतीच. पुढे ऊस आला, रेशनवर गहू-तांदूळ आला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला अभिमान आहे. पण ती पिकवणाऱ्याच्या घरी पुढच्या सालाचा दाणा उरत नाही, ही मला फार मोठी हानी वाटते. सरकारी गोदाम हवंच. त्याची किल्ली मात्र गावाकडे नसते.

तुमच्या गावात एखादं पेव अजून उरलं असेल, तर सिमेंटनं बुजवण्याआधी त्याची नोंद करा. आत उतरू नका. वरूनच खोली आणि तोंडाचा घेर मोजा, छायाचित्र काढा. आणि ज्यांनी ते भरलं त्यांच्याकडून भरायची रीत सविस्तर लिहून घ्या. ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत.